बातमी पोचते कशी, पटते कशी

जुलैचा महिना, पंचगंगा फुगलेली. राजारामपुरीच्या मेन रोडवर दुकानांची शटर वर जात असतात आणि छत्री झटकत आत येणारा जो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती झालं?" कशाचं, ते सांगावं लागत नाही. उत्तर येतं, "अडतीस सात." म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी 38 फूट 7 इंच. 39 फुटांवर इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी; हे दोन आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्याही पुढे गेलं, तेव्हापासून तर हे आकडे कुणी सहज कानाआड करत नाही.

आता या 'अडतीस सात'चा प्रवास बघा. बंधाऱ्यावर मोजपट्टी वाचली जाते. आकडा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जातो, तिथून रेडिओवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. समजा, राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीतली सून माहेरी प्रयाग चिखलीला फोन लावते, "दादा, रात्रीत एकोणचाळीस होणार म्हणतात. म्हसरं हलवा." पलीकडून दादा म्हणतो, "व्हय, मलाबी मेसेज आलाय. तात्यांना विचारतो." तात्या म्हणजे गावातलं असं माणूस, ज्यानं 1989 चा पूर पाहिला, 2005 चा पाहिला, आणि नंतरचे दोन्हीही. तात्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाणी बघतात, "आज सोडा, उद्या वाट मिळायची न्हाई" एवढंच बोलतात, आणि तासाभरात गोठे रिकामे व्हायला लागतात.

आकडा सगळ्यांच्या खिशात आधीच होता. म्हशी हलल्या त्या तात्यांच्या शब्दावर. माहिती पोचणं आणि माहिती पटणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे यात लख्ख दिसतं. एवढी साधी वाटणारी गोष्ट शोधून, मोजून, सिद्ध करायला विसाव्या शतकातल्या फार मोठ्या अभ्यासकांना कितीतरी वर्षं खर्चावी लागली. आणि त्या शोधातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये झाला.

आकड्यात माहिती किती?

पहिलं आश्चर्य आहे ते पोचण्याचं. 1948 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या क्लॉड शॅनन या तरुण गणितज्ञाने विचारलं, की एखाद्या संदेशात माहिती किती आहे, हे मोजता येईल का? त्याचं उत्तर थक्क करणारं होतं. संदेश जितका अनपेक्षित, तितकी त्यात माहिती जास्त. एप्रिलच्या उन्हात कुणी "पंचगंगेला पूर नाही" असं सांगितलं, तर आपल्याला काहीच नवं कळलेलं नसतं. जुलैच्या मध्यरात्री "बेचाळीस अकरा" हे दोनच शब्द आले, तर घर जागं होतं. शब्द किती वापरले याला महत्त्व नाही. ऐकणाऱ्याची किती अनिश्चितता मिटली, याला आहे.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. महापालिकेची रिक्षा कर्णा लावून फिरते आणि "उद्या पाणीपुरवठा बंद राहील" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगते. निम्मे शब्द पावसात, निम्मे हॉर्नमध्ये विरतात, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकी बादल्या भरायला घेतात. शॅननने दाखवून दिलं की भाषा मुळातच अशी सैल विणलेली असते. छापील इंग्रजीचा जवळपास निम्मा भाग अंदाजाने भरून काढता येतो, असा त्याचा हिशोब होता. गोंगाटावर मात करायची तर थोडं जादा बोलावंच लागतं. आज मोबाइलवरून जाणारा प्रत्येक फोटो याच गणिताच्या जोरावर शाबूत पोचतो.

पण शॅननने एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकली होती : संदेशाचा अर्थ काय, हा आपल्या गणिताचा विषय नाही. त्याच 1948 साली हॅरल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञाने संवादाच्या अभ्यासासाठी पाच प्रश्न मांडले. कोण बोलतं, काय बोलतं, कोणत्या माध्यमातून, कुणाशी, आणि त्याचा परिणाम काय होतो? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बसल्या जागी मिळतात. पाचव्याने मात भल्याभल्यांना दमवलं.

ओहायोचा मतदार आणि कोल्हापूरचा शेतकरी

पहिल्या महायुद्धात प्रचाराची ताकद पाहिलेल्या पिढीला वाटायचं की वर्तमानपत्र आणि रेडिओ बंदुकीच्या गोळीसारखे काम करतात. इकडून संदेश सुटला की तिकडे माणसाचं मत बदललंच. ही समजूत तपासून बघायला पॉल लाझार्सफेल्ड पुढे आले. व्हिएन्नात वाढलेले, गणितात डॉक्टरेट केलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात स्थिरावलेले समाजशास्त्रज्ञ. 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली आणि 600 मतदारांच्या मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. रूझवेल्ट आणि विल्की यांच्या प्रचाराने आसमंत दणाणत होता. तरीही एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे वळलेले मतदार फारच थोडे निघाले. आणि मत कशामुळे ठरलं, असं विचारल्यावर लोक रेडिओचं किंवा पेपराचं नाव घेण्याऐवजी माणसांची नावं सांगत होते : शेजारी, मेहुणा, कारखान्यातला जोडीदार.

यातून 1944 च्या त्यांच्या पुस्तकात एक कल्पना पुढे आली. माध्यमातला विचार आधी थोड्या जाणत्या माणसांपर्यंत जातो, आणि त्यांच्या बोलण्यातून बाकीच्यांपर्यंत. दोन टप्प्यांचा प्रवाह. हे जाणते लोक मोठ्या हुद्द्यावरचे असतातच असं नाही. ते प्रत्येक थरात असतात. राजकारणासाठी एक, औषधपाण्यासाठी दुसरा, पोरांच्या अ‍ॅडमिशनसाठी तिसरा. आपल्या गल्लीत बघा, यादी तयारच असेल.

लाझार्सफेल्ड यांच्या वर्तुळात पॉल न्यूराथ नावाचा एक माणूस होता. तोही व्हिएन्नाचा. त्याचे वडील ऑटो न्यूराथ यांनी आकडेवारी चित्रांतून सांगण्याची पद्धत रचली होती. विमानतळावर, स्टेशनावर दिसणाऱ्या साध्या चित्रखुणा त्याच परंपरेतल्या. मुलाच्या वाट्याला नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्या आल्या. तिथून सुटून तो स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचला आणि कोलंबियात शिकला. प्रचाराने पिसाट झालेला समाज त्याने अंगावर झेलला होता. असा माणूस 1950 च्या दशकात मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये पाहुणा प्राध्यापक म्हणून आला, आणि त्याच्यासमोर एक विलक्षण काम ठेवलं गेलं.

1956 मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग ठरवला. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, खास शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम. ऐकणारी गावं दीडशेच्या आसपास, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधली : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं श्रोतृमंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. नियम सोपा होता. आधी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग रेडिओ बंद करून चर्चा करायची, आणि शेवटी आपण गावात काय करणार ते ठरवायचं. चर्चेत निघालेले प्रश्न चिटणीसाने पुण्याला लिहून पाठवायचे; त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून ही कल्पना घेतली होती. तिचं ब्रीदच होतं : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

न्यूराथ आणि टाटा इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी प्रयोगाची आखणी चोख केली होती. काही गावांत श्रोतृमंडळ होतं. तुलनेसाठी निवडलेल्या काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. काही गावांत दोन्ही नव्हतं. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर लोकांना शेती, आरोग्य, गावकारभार यांविषयी प्रश्न विचारले गेले, आणि आधीची-नंतरची उत्तरं ताडून पाहिली गेली.

निष्कर्ष वाचताना आजही अंगावर शहारा येतो. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती भर नगण्य होती. आवाज तोच, कार्यक्रम तोच, भाषा तीच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाचा. त्या वेळात कुणीतरी म्हणत होतं, "हे आपल्या रानात चालंल का?" दुसरा म्हणत होता, "गेल्या साली मी करून बघितलंय," आणि तिसरा गप्प बसून दोघांना तोलत होता. त्या गप्पांमध्ये आकाशवाणीचा संदेश गावाचा होत होता. काही ठिकाणी तर ही मंडळं गावाच्या कामांचे निर्णय घेणारी नवी बैठकच बनली.

1959 पासून आकाशवाणीने ही मंडळं देशभर नेली. जगभरच्या विकास-संवादाच्या अभ्यासात हा प्रयोग पुढे कितीतरी वर्षं दाखल्यासारखा सांगितला गेला. ओहायोच्या मतदारांत जे सूत्र सापडलं, त्याचा कस भोगावती-वारणेच्या मुलखातही लागला, ही गोष्ट कोल्हापूरकर म्हणून मला फार मोलाची वाटते.

दारावर कोण उभं असतं?

पण चर्चा व्हायला विषय आधी कानावर पडावा लागतो. कोणता विषय पडेल, हे कोण ठरवतं? 1950 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने एका छोट्या शहरातल्या पेपराच्या संपादकाकडून आठवडाभर एक काम करून घेतलं : न छापलेली प्रत्येक तार बाजूला ठेवायची आणि ती का टाकली ते तिच्यावर लिहायचं. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा भाग छापला गेला होता. उरलेलं जग त्या शहरापुरतं घडलंच नव्हतं. या निवडीला अभ्यासक द्वाररक्षण म्हणतात.

या दारावर थोपवलं जाणं म्हणजे काय, हे कोल्हापूर संस्थानाला त्याच्या तीस वर्षं आधी पुरतं कळलं होतं. 31 जानेवारी 1920 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झालं. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले तरी, 'केसरी'ने छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्रासाठी 2,500 रुपयांची मदत दिली होती. त्याच वर्षी 21 आणि 22 मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली; अध्यक्षस्थानी आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. महाराजांना माध्यमाचं मर्म किती खोलवर उमगलं होतं ते बघा. दुसऱ्याच्या दारात ताटकळणाऱ्या समाजाला स्वतःचं दार हवं, म्हणून छापील पत्राला बळ दिलं. आणि छापलेलं माणसांच्या तोंडी यावं, म्हणून परिषदेत स्वतः येऊन उभे राहिले. पत्र आणि परिषद, दोन्ही टप्पे एकाच वर्षात.

दाराचा परिणाम किती होतो, तेही पुढे मोजलं गेलं. 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल या गावातल्या, मत अजून न ठरलेल्या 100 मतदारांना विचारलं, की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग ते वाचत-ऐकत होते त्या माध्यमांनी कोणत्या विषयांना किती जागा दिली, ते तपासलं. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. कोणता विचार करायचा, हे माध्यमं फारसं ठरवू शकत नसतील. पण कशाचा विचार करायचा, यावर त्यांची पकड जबर असते. आठवडाभर पहिल्या पानावर खड्डे असतील, तर कट्ट्यावर खड्डेच निघणार. ड्रेनेजचा प्रश्न तितकाच गंभीर असला तरी त्याला तोंड फुटत नाही.

तोंड न फुटण्याचंही एक शास्त्र आहे. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 मध्ये मांडलं की माणसं सतत वाऱ्याचा अंदाज घेत असतात. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की गप्प बसतात. ती गप्प बसली की ते मत आणखी दुबळं दिसतं, आणि मग आणखी माणसं गप्प होतात. सोसायटीच्या ग्रुपवर दहा जणांनी अंगठा दिला की अकरावा वेगळं लिहायला कचरतो, त्यामागे हेच मौनाचं चक्र असतं.

पाचाचे पंचवीस

आता चिखलीचे तात्या आणि 1956 चं श्रोतृमंडळ आठवून हातातल्या मोबाइलकडे बघा. जे माध्यम संदेश आणतं, त्याच माध्यमावर ओळखीची माणसंही बोलतात. दोन टप्प्यांचा एकच टप्पा झाला. मामाने पाठवलेला व्हिडिओ मामाच्या विश्वासाचा शिक्का घेऊनच येतो, आणि मामाने तो स्वतः तपासलेला असतो असं नाही.

याची भयानक किंमत महाराष्ट्राने 1 जुलै 2018 ला मोजली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा देशभर फिरत होत्या. त्यांतला एक गाजलेला व्हिडिओ मुळात कराचीत तयार झालेल्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मूळ चित्रफितीत मोटरसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात. तो शेवट कापला, आणि सावधगिरीचा संदेश भीतीचा झाला.

यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. 2020 मध्ये, वारंवार पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं; त्यानंतर असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले, असं कंपनीने जाहीर केलं. पाचाचा आणि एकाचा फरक एवढा का पडावा? गणित करून बघा. प्रत्येकाने पाच जणांना पाठवलं तर पाच, पंचवीस, सव्वाशे असं वाढत दहाव्या फेरीत 97 लाख 65 हजार 625 जणांपर्यंत ते पोचतं. प्रत्येकाने एकालाच पाठवलं तर दहा फेऱ्यांत दहाच माणसं. मधल्या माणसाने घेतलेला श्वासभराचा विचार एवढा ताकदवान असतो.

2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख खऱ्या-खोट्या बातम्यांचा अभ्यास मांडला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसंच करत होती. कारण खोटी बातमी जास्त नवी, जास्त चकित करणारी होती. शॅननचा अनपेक्षितपणा इथे उलटा डसतो. त्यात आणखी एक कच्चा दुवा आपल्या मनात असतो. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये नोंदवलं की जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, माध्यमांनी बहकतात ते इतर लोक, आपण नाही.

एकत्र असण्यासाठीचा संवाद

इथवर आपण संदेश इकडून तिकडे जाण्याबद्दल बोललो. जेम्स कॅरी या अमेरिकी अभ्यासकाने 1975 मध्ये याच्या पलीकडे बोट दाखवलं. संवादाचं आणखी एक काम असतं : माणसांना एकत्र बांधून ठेवणं. गणेश चतुर्थीला राजारामपुरीत आगमनाची मिरवणूक निघते, तेव्हा मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्यातून नवी माहिती कोणती मिळते? गणपती येणार, हे सगळ्यांना ठाऊकच असतं. तरी लोक पोरांना खांद्यावर घेऊन तासन् तास उभे राहतात, कारण आपण सगळे इथले आहोत, ही गोष्ट तिथे दरवर्षी नव्याने सांगितली जाते. सकाळचा पेपर वाचणंही बरंचसं असंच आहे, असं कॅरी म्हणतात.

आणि कधी हे 'आपण' मुलूख ओलांडून जातं. राजारामपुरीत राहून लिहिणारे वि. स. खांडेकर हे का. श्री. श्री. यांच्या अनुवादांतून तमिळ वाचकांपर्यंत पोचले, आणि तिथल्या कित्येकांना ते आपलेच लेखक वाटले. ब्रिटनमधले विचारवंत स्टुअर्ट हॉल म्हणत, अर्थ पाठवणाऱ्याकडे पूर्ण होत नाही. तो घेणाऱ्याकडे नव्याने घडतो. मराठी कादंबरी तमिळ घरात रुजते, तेव्हा तो अर्थ तिथल्या माणसांनी आपल्या जगण्यातून घडवलेला असतो.

या सगळ्या सिद्धांतांतून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माध्यम कितीही मोठं असो, त्याचं बळ शेवटी आपण एकमेकांशी काय आणि कसं बोलतो यावर ठरतं. 1956 च्या मंडळांकडे एक रेडिओ आणि वीस माणसं होती. आपल्याकडे प्रत्येकाच्या हातात रेडिओपेक्षा हजारपट ताकदीचं यंत्र आहे. पण समोरासमोर बसून तपासणं, उलट प्रश्न लिहून पाठवणं, उत्तर आल्यावर पुन्हा जमणं आणि ठरवलेलं करणं, हे निसटलं आहे.

ते परत आणणं अवघड नाही. राजारामपुरीत गल्लोगल्ली गणपतीची मंडळं आहेत. त्यांच्याकडे बसायला जागा आहे, माणसं आहेत आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा विश्वास आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, एकच विषय : पुराची तयारी, पाणी, कचरा, मुलांचा मोबाइल. त्या विषयावरची पेपरातली बातमी कुणीतरी मोठ्याने वाचायची, ग्रुपवर फिरणारा मेसेज तिच्या शेजारी ठेवायचा, सगळ्यांनी बोलायचं, गप्प बसलेल्याला मुद्दाम विचारायचं, उरलेला प्रश्न महापालिकेला लिहून पाठवायचा आणि आलेलं उत्तर पुढच्या महिन्यात सांगायचं. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दहा आठवड्यांत हे करून दाखवलं होतं, आणि त्यांच्यापैकी अनेकांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आपल्याला येतं. येत्या पावसाळ्याआधी पहिली बैठक घ्यायला एवढं पुरेसं आहे.